पुण्यात पहिलं घर : ५५ लाखांत कुठला भाग बघावा?

टेकडीपल्याड
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आम्ही दोघं आणि तीन वर्षांची मुलगी. सध्या वडगाव बुद्रुकला भाड्याने राहतो. माझं ऑफिस खराडीला. बायको चिंचवडला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, तिला शिफ्ट असते. म्हणजे आम्ही दोघंही रोज अख्खं गाव ओलांडतो, ते पण विरुद्ध दिशांना. आता घर घ्यायचंच असं ठरवलंय. सगळं धरून, म्हणजे स्टँप ड्यूटीपासून पंख्यांपर्यंत, ५५ लाखांच्या वर जायचं नाही. टू बीएचके हवा, फार मोठा नसला तरी चालेल.

आतापर्यंत वाघोली, मोशी, धायरी आणि मांजरी बघून झालं. सगळीकडे सॅम्पल फ्लॅट सुंदर आणि सगळीकडचा सेल्समन सांगतो की 'इथून सगळं पंधरा मिनिटांवर आहे'. कुठला भाग घ्यावा, आणि मुळात भाग ठरवायचा कसा?

रिकामटेकडा
पंधरा मिनिटं बरोबर आहेत. फक्त रात्रीची पावणेतीनची वेळ सांगायची राहिली.

सदाफुली
रुमाल टाकून ठेवते. आमचंही हेच चाललंय.

नानासाहेब
घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून. तुमचं एक झालंय, दुसऱ्याला शुभेच्छा.

आधी हिशेब नीट करा. '५५ लाख सगळं धरून' म्हणालात, पण सॅम्पल फ्लॅटमध्ये बसल्यावर हे 'सगळं धरून' माणूस विसरतो. बांधकाम चालू असलेल्या ४८ लाखांच्या फ्लॅटचं उदाहरण घ्या. जीएसटी ५ टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार. पुण्यात मुद्रांक शुल्क स्थानिक संस्था कर आणि मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ३ लाख ३६ हजार. नोंदणी ३० हजार. झाले ५४ लाख ६ हजार, आणि अजून एक पंखासुद्धा लागलेला नाही.

त्यात ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकते, आणि मुद्रांक-नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे कर्ज ३८ लाख ४० हजार. उरलेले साधारण १५ लाख ६६ हजार तुमच्या खिशातून. तेवढे रोख हाताशी आहेत का, हा पहिला प्रश्न. भाग त्यानंतर.

टेकडीपल्याड
नाना, पोटात गोळा आला. १२ लाख आहेत, गावाकडून दोनेक होतील.

सूची_क्रमांक_दोन
नानांच्या हिशेबाला पुरवणी. चटईक्षेत्र (कार्पेट) ९० चौ.मी.पर्यंत आणि एकूण किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर जीएसटी ५ ऐवजी १ टक्का लागतो. मुंबईसारख्या ठरावीक महानगरांत ही मर्यादा ६० चौ.मी. आहे, पण पुणे त्या महानगरांच्या यादीत नाही, त्यामुळे इथे ९० धरायचे. ४५ लाखांना ४५ हजार जीएसटी आणि ४६ ला २ लाख ३० हजार! पार्किंगचे वगैरे पैसेही त्या ४५ मध्येच मोजतात, 'ते वेगळे देऊ' ही युक्ती चालत नाही.

बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला (कम्प्लिशन) मिळाल्यानंतर विकला जाणारा तयार फ्लॅट किंवा रिसेल असेल तर जीएसटीच नाही.

आणि घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलंत तर मुद्रांकात १ टक्का सवलत आहे. दोघांच्या नावावर घेतलं की गेली.

रिकामटेकडा
एक टक्क्यासाठी अख्खं घर?

मोगरा
@रिकामटेकडा, आमच्याकडे शंभर टक्के घर सासऱ्यांच्या नावावर आहे आणि साफसफाई शंभर टक्के माझ्या. त्यावर कधी कोणी विनोद केल्याचं आठवत नाही.

रिकामटेकडा
माफी. शब्द मागे.

सूची_क्रमांक_दोन
गंमत बाजूला ठेवून एक धोक्याची सूचना. नवरा सहकर्जदार असला पण मालक नसला, तर हप्ता त्याने भरूनही त्याला आयकरात वजावट मिळत नाही. अर्थात नव्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाला वजावट नाहीच. तेव्हा कोण कुठल्या प्रणालीत आहे ते बघून ठरवा.

वाघोलीचा_वाघ
आता भागाबद्दल बोलू का? सहा वर्षं वाघोलीत राहतोय. घर मोठं आहे, हवेशीर आहे, शेजारी चांगले, मुलांना खेळायला जागा. खराडी तसं जवळ. पण नगर रोड. नुसतं एवढं लिहिलं तरी पुरे.

आणि पाणी. जून २०२१ मध्ये जी २३ गावं महापालिकेत घेतली त्यात वाघोली आहे. गाव पालिकेत गेलं म्हणून नळाला लगेच पाणी येत नाही. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरच टँकर. मेंटेनन्सच्या पावतीत टँकरची ओळ बघितली की आपण घर घेतलंय का विहीर खणायला घेतलीय, तेच कळत नाही. फ्लॅट स्वस्त मिळाला हे खरं, पण उरलेले पैसे आम्ही दरमहा टँकरवाल्याला देतो.

तुमच्या मिसेस चिंचवडला जाणार असतील तर वाघोली डोक्यातून काढा.

दुपारी_एक_ते_चार
पुण्यात घर फक्त पेठेत असतं. बाकीच्या ठिकाणी निवारा असतो. (हलकेच घ्या.)

धायरीफाटा
@वाघोलीचा_वाघ, टँकर इकडेही येतात. वर आमच्या भागातल्या लोकांनी जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ पाहिली. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी हा पट्टा तेव्हा रोज बातम्यांत होता आणि दूषित पाण्यावर संशय होता. तेव्हापासून घर बघायला येणारा प्रत्येक पाहुणा आधी विचारतो, 'पाणी कुठलं?' चार वर्षांपूर्वी 'व्ह्यू कुठला?' विचारायचे.

सिंहगड रोडला नदीच्या बाजूला घेणार असाल तर निळी आणि लाल पूररेषा बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा एकतानगरीत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. माझा मित्र तिथे तळमजल्यावर होता. त्याची गाडी, फ्रीज, मुलीची दहावीची पुस्तकं, सगळं गेलं.

टेकडीपल्याड
ही निळी-लाल रेषा कुठे बघायची?

धायरीफाटा
विकास आराखड्याच्या नकाशावर असते, पाटबंधारे खात्याकडे असते. सगळ्यात सोपं म्हणजे जवळच्या किराणा दुकानदाराला विचारायचं, 'काका, पाणी कुठपर्यंत आलं होतं?' तो हाताने भिंतीवर दाखवतो.

गुंठामंत्री
एवढी कटकट कशाला? शहराबाहेर दोन गुंठे घ्या, मस्त बंगली बांधा. दारात आंबा लावा. माझ्या ओळखीत आहेत प्लॉट, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सूची_क्रमांक_दोन
@गुंठामंत्री, तुमच्या त्या प्लॉटचा सातबारा स्वतंत्र आहे का? की अकरा जणांनी मिळून अकरा गुंठ्यांचं सामाईक खरेदीखत केलंय? एनए (बिगरशेती) आहे का? बँक कर्ज देते का? रस्ता कागदावर आहे की चुना टाकून आखलेला?

गुंठामंत्री
प्रश्न फार विचारता तुम्ही.

नानासाहेब
व्यनि करू नका, टेकडीपल्याड. तुकडेबंदीच्या (जमिनीचे छोटे तुकडे विकायला मनाई करणाऱ्या कायद्याच्या) भानगडीत अडकलेल्या जमिनीवर आंबा लागतो, घराचं कर्ज लागत नाही.

कुंपणावरचा
माझं मत वेगळं आहे. घर घेताय कशाला? ३८ लाख कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता ३३ हजारांच्या आसपास. तेवढ्याच घराचं भाडं त्याच्या निम्म्याच्या आत असेल. उरलेले दरमहा म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत टाका, वीस वर्षांनी रोखीत घर घ्या.

मोगरा
सासऱ्यांच्या घरात यायच्या आधी वीस वर्षांत आमची आठ भाड्याची घरं बदलून झाली, त्यातली तीन एका पाठोपाठ मे महिन्यात. उरलेले पैसे एसआयपीत टाकणारा भाडेकरू मला अजून भेटायचाय. आमचे तर पॅकर्स-मूव्हर्समध्ये गेले.

कुंपणावरचा
मी टाकतो.

मोगरा
लग्न झालंय का तुमचं?

कुंपणावरचा
त्याचा इथे संबंध नाही.

रिकामटेकडा
उत्तर मिळालं.

लोकलपकड
अवांतर थांबवा हो, माणूस घर शोधतोय. टेकडीपल्याड, तुम्ही बघितलेल्या चार भागांपैकी एकही तुम्हा दोघांना सोयीचा नाही. वाघोली आणि मांजरी तुमच्या सोयीचे, मोशी बायकोच्या सोयीची आणि धायरी कुणाच्याच नाही, ती केवळ सध्याच्या घराच्या जवळ म्हणून बघितलीत. नकाशावर खराडी आणि चिंचवड यांच्यात रेघ ओढा. रेघेवर काय येतं? विश्रांतवाडी, धानोरी, दिघी, भोसरी. किंवा मेट्रोने विचार करा : कासारवाडी, दापोडी, बोपोडी. तुम्ही जिल्हा न्यायालय स्टेशनला गाडी बदलून रामवाडीला उतरायचं, तिथून रिक्षाने खराडी. वहिनींना पिंपरीपर्यंत थेट गाडी. शिवाय लोकल आहेच, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड.

टेकडीपल्याड
हे खरंच सुचलं नव्हतं. दापोडीत या पैशात टू बीएचके मिळेल?

लोकलपकड
नवा कठीण आहे. जुन्या इमारतीत शोधा. लिफ्ट नसेल, पार्किंगची मारामारी असेल, समोर चकाचक क्लब हाउस नसेल. पण स्टेशनवर चालत जाल.

सूची_क्रमांक_दोन
तिथेही नदी आहेच. दापोडीला मुळा आणि पवनेचा संगम होतो. रेषेचा नियम तिथेही लावा.

आभाळमाया_धानोरी
धानोरीकर हजर. दहा वर्षं झाली. फायदे : दोन्ही बाजूंना जाता येतं, बाजारहाट जवळ, रिसेल भरपूर. तोटे : पावसात काही रस्त्यांचे ओढे होतात. आणि विमानं. प्रवासी विमानांची सवय होते. सुखोई उडालं की मात्र फोनवरच्या माणसाला 'एक मिनिट हां' म्हणून थांबायचं. माझा मुलगा लहानपणी आवाजावरून कुठलं विमान ते सांगायचा, बाराखडी नंतर शिकला.

शिफ्टवाली माणसं घरात असतील तर दिवसा झोपायला जमेल का, याचा विचार करा.

आणि दिघी बघायला गेलात तर रेड झोन तपासा. देहूरोड आणि दिघीच्या लष्करी डेपोंभोवती बांधकामाला बंदी असलेला पट्टा आहे, तरी त्यात घरं उभी आहेत. घर स्वस्त का मिळतंय ते मग कळतं. बँक तिथे कर्ज देत नाही, एवढा पुरावा पुरे.

सदाफुली
म्हणजे 'स्वस्त का आहे' हा पहिला प्रश्न. वहीत लिहून घेतलं.

पर्वतीपायथा
बांधकाम चालू असलेला घेणार असाल तर महारेराच्या (बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकून निदान अर्धा तास बसा. पूर्ण व्हायची तारीख किती वेळा पुढे ढकललीय, कोर्टकचेरी आहे का, किती फ्लॅट विकले गेलेत, सगळं दिसतं. नोंदणीकृत करारनामा न करता बिल्डर १० टक्क्यांच्या वर पैसे घेऊ शकत नाही. आमच्याकडून २०१६ मध्ये, म्हणजे महाराष्ट्रात रेरा लागू व्हायच्या आधी, एका बिल्डरने नुसत्या अलॉटमेंट लेटरवर बरेच घेतले होते. ताबा साडेचार वर्षं उशिरा. तेवढा काळ भाडंही भरलं आणि हप्ताही. माझे केस तेव्हाच गेले, फोटो टाकत नाही.

आणि 'सेलेबल' आकड्याकडे, म्हणजे जिने-लॉबीचा वाटा धरून फुगवलेल्या क्षेत्रफळाकडे, बघूच नका. करारात रेरा कार्पेट लिहिलेलं असतं तेच तुमचं. ते आतल्या भिंतींसकट मोजतात पण बाल्कनी त्यात नाही.

वाघोलीचा_वाघ
@पर्वतीपायथा +१. शिवाय नव्याने पालिकेत आलेल्या गावांत बऱ्याच बिल्डरांनी परवानगी घेताना हमीपत्र दिलेलं असतं की पालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी आम्ही पुरवू. त्या हमीपत्राची प्रत बुकिंगच्या आधी मागा. नंतर मागितलीत तर 'सोसायटी झाली ना तुमची' असं उत्तर येतं. आम्ही नंतर मागितली होती.

टेकडीपल्याड
सगळ्यांचे आभार. शनिवार-रविवार धानोरी आणि दापोडी बघून आलो. धानोरीत तिसऱ्या मजल्यावरचा बारा वर्षं जुना टू बीएचके, सगळं धरून बजेटमध्ये बसतोय. लिफ्ट आहे. उजेड छान. एजंट म्हणतो उद्याच टोकन द्या, दुसरी पार्टी तयार आहे.

रिकामटेकडा
ती दुसरी पार्टी कायम तयार असते. माझ्या माहितीप्रमाणे १९९५ पासून तयार आहे.

नानासाहेब
टोकनची घाई नको. रविवारी बघितलेलं घर म्हणजे कांदेपोह्याच्या कार्यक्रमात बघितलेली मुलगी. (जुन्या काळची उपमा आहे, मोगराताईंनी रागावू नये.) मंगळवारी सकाळी नऊला जा, आणि पुन्हा रात्री. वॉचमनला विचारा आठवड्याला टँकर किती येतात. तो खरं सांगतो, त्याला कमिशन नसतं.

मोगरा
मुलीलाही रविवारचा मुलगा तसाच दिसतो, नाना. पण सल्ला पटला.

सूची_क्रमांक_दोन
कागद : भोगवटा प्रमाणपत्र, आधीच्या सर्व व्यवहारांची सूची क्रमांक दोन (नोंदणीचा उतारा, 'इंडेक्स टू'), सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट), ना हरकत, मालकावर कर्ज असेल तर बँकेचं पत्र, मिळकत कराची थकबाकी. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट. कन्व्हेयन्स झालंय का तेही विचारा, नसेल तर जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे. सोसायटी 'डोनेशन' मागेल, हस्तांतरण शुल्क २५ हजारांच्या वर घेता येत नाही. आणि तुम्ही स्वतः राहणार असाल तर मिळकत करातल्या ४० टक्के सवलतीसाठी पीटी-३ अर्ज भरायला विसरू नका.

लोकलपकड
दापोडीचं काय झालं?

टेकडीपल्याड
चौथा मजला, लिफ्ट नाही, १९९८ ची इमारत. मला धानोरी आवडलं. घरी एकमत नाही.

टेकडीअल्याड
मी ती 'बायको'. आजच खातं उघडलंय, कारण इथं माझ्या शिफ्टची चर्चा माझ्याशिवाय चाललीय.

सगळे खराडी किती जवळ ते मोजताय. माझी दुपारची पाळी रात्री दहाला सुटते. धानोरीला जायचं तर त्या वेळी स्कूटरवरून भोसरी-आळंदी रोडने एकटीने यायचं. मंगळवारी करून बघितलं. पस्तीस मिनिटं लागली, ती काही जास्त नाहीत, पण मधला पट्टा मला नको वाटला. बुधवारी पिंपरीहून मेट्रोने दापोडीला उतरले. डब्यात आणखी सात-आठ बायका होत्या, फलाटावर उजेड, खाली रिक्षा. घरी (म्हणजे त्या न घेतलेल्या घराच्या दारात) चालत गेले. चार जिने चढताना दम लागला हे कबूल.

आणि हो, रात्रपाळी करून आल्यावर मी सकाळी झोपते. सुखोईबद्दल आभाळमाया यांनी लिहिलं नसतं तर कुणीच सांगितलं नसतं. एजंटने तर 'एअरपोर्ट जवळ आहे, मॅडम' असं कौतुकाने सांगितलं होतं.

आभाळमाया_धानोरी
वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. ताई, तुम्ही बरोबर आहात.

मोगरा
हा या धाग्यावरचा सर्वोत्तम प्रतिसाद. लोकहो, आधी हिचं ऐका.

नानासाहेब
चार जिने आज चढाल. गुडघे साठीला बोलू लागतात. सासू-सासरे येऊन-जाऊन असतील तर त्यांचाही विचार करा. बाकी सूनबाईंचा मुद्दा बिनतोड.

कुंपणावरचा
माझं अजूनही म्हणणं आहे, आधी भाड्याने राहून बघा. घर नाही, भाग. अकरा महिने.

मोगरा
हे मात्र तुम्ही पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोललात.

कुंपणावरचा
धन्यवाद. साखरपुडा झालाय, माहितीसाठी.

सदाफुली
अभिनंदन!! आता एसआयपीचं काय?

टेकडीपल्याड
उशिरा अपडेट देतोय. धानोरीचं टोकन दिलं नाही. ती 'दुसरी पार्टी' अजून आली नाही, एजंटचा काल पुन्हा फोन आला, ७५ हजार कमी सांगत होता.

दापोडीला स्टेशनपासून सात मिनिटांवर दुसऱ्या मजल्यावर भाड्याने घर मिळालं. पावसाळा तिथेच काढून बघणार. कोपऱ्यावरच्या दुकानदारकाकांना पाणी कुठपर्यंत येतं ते विचारलं, त्यांनी शेजारच्या गल्लीतल्या विजेच्या खांबावरची खूण दाखवली, आमच्या गल्लीत येत नाही म्हणाले. मला दार ते डेस्क सव्वा तास लागतो, पण बसून जातो आणि पुस्तक वाचून होतं. त्याच गल्लीत एक काका वर्षभरात मुलाकडे जाणार आहेत, पहिला मजला आहे, विकायचा विचार आहे म्हणे. रोज नमस्कार घालतोय.

एकच अडचण. जिना अरुंद आहे, आमचं लोखंडी कपाट पहिल्याच वळणावर अडकलं आणि परत खाली आणावं लागलं. कुणाला हवंय का? किल्ली आहे, आरसा थोडा तडकलाय.

रिकामटेकडा
कार्पेट किती आहे कपाटाचं?